घरातल्याच वस्तूंनी घरातली दुरुस्ती: पहिल्यांदाच पाना-पक्कड हातात घेणाऱ्यांसाठी

कपाटाचं दार एका बाजूला झुकलेलं असतं. बिजागरीचा स्क्रू आवळायला जावं, तर तो नुसताच गोल गोल फिरतो. बहुतेक जण मग दोनपैकी एक करतात: दार तसंच राहू देतात, नाहीतर त्याच भोकात आणखी जाड स्क्रू दामटतात. खरं तर चार टूथपिक आणि थोडासा पांढरा गोंद एवढ्यावर ते दार पुन्हा वर्षानुवर्षं नीट लागतं.

अशा युक्त्यांच्या याद्या भरपूर मिळतात. मीही सुरुवातीला त्या वहीत उतरवून घ्यायचे आणि ऐन वेळी त्यांचा उपयोग व्हायचा नाही, कारण समोरचं काम यादीतल्या कामासारखं तंतोतंत कधीच नसायचं. पुढे एकेका युक्तीचं कारण समजून घ्यायला लागले तेव्हा हात चालू लागला. मेणाने ड्रॉवर का सरकतो हे कळलं, की कपड्याची चेन अडकल्यावर मेणबत्ती आपोआप आठवते. कोणती युक्ती आपल्या कामाला लावू नये, हेही त्या कारणावरूनच ठरवता येतं. म्हणून खाली प्रत्येक कामाबरोबर ते का चालतं हेही लिहिलं आहे.

हात लावण्याआधी

काहीही उघडण्याआधी फोनवर एक फोटो काढा आणि प्रत्येक थर काढल्यावर आणखी एक. मग जाड पुठ्ठ्यावर त्या वस्तूची ओबडधोबड आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवा. वाटीत सगळे स्क्रू एकत्र टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं. एकाच वस्तूत निरनिराळ्या लांबीचे स्क्रू असतात आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला, तर तो आतला भाग फोडून बाहेर येऊ शकतो.

घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की आवळतं, उलट फिरवलं की सुटतं. याला थोडे अपवाद आहेत. नेहमी भेटणारा अपवाद म्हणजे सायकलचं डावं पॅडल. सायकल चालवताना ते आपोआप सुटत जाऊ नये म्हणून त्याचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात. एखादी गोष्ट जोर लावूनही सुटत नसेल, तर आणखी जोर लावण्याआधी आटे उलटे तर नाहीत ना, हे बघा.

ठोकताना, भोक पाडताना, घासताना चष्मा लावा. ड्रिल वापरताना हातमोजे घालू नका, सैल बाह्या वर घ्या, केस बांधा. फिरणारं टोक कापड धरतं आणि हात ओढून घेतं. विजेच्या वस्तूचा प्लग काढा. भिंतीतल्या बटणाला किंवा सॉकेटला हात लावायचाच असेल, तर मेन स्विच बंद करा. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद घालण्याची युक्ती कुणी सांगितली, तर ती ऐकूही नका. जास्त वीज वाहू लागली की वितळून ती तोडायची, एवढ्यासाठीच फ्यूज असतो. तारेने ते काम होत नाही आणि मग तापते ती भिंतीतली वायर. गॅसच्या जोडण्या आणि मायक्रोवेव्हचं अंतरंग या दोन गोष्टी घरगुती दुरुस्तीत येत नाहीत. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, प्लग काढल्यानंतरही जीवघेणा झटका देऊ शकतो.

नुसताच फिरणारा स्क्रू

स्क्रूचे आटे भोकाच्या कडेच्या लाकडात रुततात, म्हणून तो धरून राहतो. वारंवार काढल्याने किंवा गरजेपेक्षा जास्त पिळल्याने त्या कडेच्या तंतूंचा भुसा होतो. भोक मोठं होतं आणि आट्यांना रुतायला काही उरत नाही. जाड स्क्रू घातला तर तो काही दिवस धरतो, पण बाजूचं लाकूड चिरण्याची भीती असते. शिवाय त्याचं डोकं बिजागरीच्या खोबणीत पुरतं बसत नाही, त्यामुळे दार लागताना अडतं. म्हणून भोकात नवं लाकूड भरायचं.

१. आधी दाराखाली पुस्तकं किंवा पुठ्ठ्याच्या घड्या सारून त्याचा भार उचलून धरा. ही पायरी टाळली तर बाकीचे स्क्रूही हळूहळू उपटले जातात.

२. ढिला स्क्रू काढा. भोकातला भुसा जुन्या टूथब्रशने किंवा टाचणीने बाहेर काढा. भुशावर गोंद लावला तर तो भुशालाच धरतो, लाकडाला धरत नाही.

३. टूथपिक घ्या, किंवा गुल काढून टाकलेल्या आगकाड्या घ्या. त्या लाकडाच्या पांढऱ्या गोंदात बुडवून भोकात घाला. आणखी एकही मावणार नाही इतक्या घट्ट भरा, शेवटची काडी हातोडीने हलकेच ठोकून.

४. बाहेर आलेली टोकं कटरने पृष्ठभागाशी सपाट कापा आणि सांडलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा.

५. रात्रभर वाळू द्या. हा गोंद त्यातलं पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो. तो अर्ध्या-एक तासात धरल्यासारखा वाटतो, पण पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास लागतात.

६. मधोमध टाचणीने किंवा बारीक खिळ्याने खूण करा आणि स्क्रू हातानेच पिळा, ड्रिल मशीनने नको.

शेवटचे दोन-तीन फेरे जड जातात आणि लाकूड बारीक कुरकुरतं. तो आवाज आला की आणखी पाव फेरा द्या आणि थांबा. त्यापुढे गेलात की ज्या तंतूंसाठी एवढी खटपट केली तेच पुन्हा तुटतात.

दार फार जड असेल किंवा लाकूड भुसा दाबून केलेलं असेल, तर काड्यांनी भागत नाही. तिथे भोक ८ किंवा १० मिलिमीटरपर्यंत मोठं करून त्यात गोंद लावलेली लाकडी गोल दांडी ठोकतात आणि तिच्यात नवं बारीक भोक पाडतात. तत्त्व तेच, भर तेवढी मोठी.

जुन्या भोकात, विशेषतः प्लास्टिकमध्ये, स्क्रू परत लावताना एक सवय लावून घ्या. आधी तो उलट्या दिशेने हळू फिरवा. एका जागी ‘टक्’ असा हलका धक्का बोटांना जाणवतो. तिथे स्क्रू जुन्या आट्यात उतरलेला असतो. आता सुलट फिरवा. असं केलं नाही तर तो दरवेळी नवे आटे पाडतो आणि चार-पाच खेपांत भोक संपतं.

कठीण लाकडात स्क्रू जात नसेल, तर त्याच्या आट्यांवर मेणबत्ती घासा. साबण घासायचा सल्लाही मिळतो, पण साबण हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि पुढे स्क्रू आत गंजतो. मेणाने तसं होत नाही.

स्क्रूच्या डोक्याची खाच झिजून गोल झाली असेल, तर रुंद रबरबँड खाचेवर ठेवा, त्यावरून स्क्रू ड्रायव्हर जोराने दाबा आणि अगदी सावकाश फिरवा. रबर खाचेतल्या पोकळ्या भरून काढतं आणि पकड येते. खाच पार गुळगुळीत झाली असेल, तर याचा उपयोग नाही. खाच मुळात झिजते ती बहुधा चुकीच्या मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने. अधिक चिन्हाच्या खाचेला घरात बहुतेक ठिकाणी २ नंबरचं टोक लागतं, बारीक स्क्रूंना १ नंबरचं. टोक खाचेत ठेवून हलवून बघा. ते खडखडत असेल तर माप चुकलंय.

खिळे आणि भोकं

बारीक खिळा ठोकताना तो बोटांत धरू नका. कंगव्याच्या दातांत, कपडे वाळत घालायच्या चिमट्यात किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यात खोचून धरा. हातोडीचा दांडा टोकाकडे पकडा, कारण दांडा जितका लांब फिरेल तितका घाव जोरात बसतो. खिळा उपटताना हातोडीखाली लाकडाचा चपटा तुकडा ठेवा. त्यामुळे भिंतीला खड्डा पडत नाही आणि जोरही जास्त मिळतो.

फळीच्या टोकाजवळ खिळा ठोकला की फळी फाटते. ठोकण्याआधी खिळा दगडावर उलटा, डोकं खाली करून ठेवा आणि टोकाला एक टोला देऊन ते बोथट करा. टोकदार खिळा तंतूंमध्ये पाचरीसारखा घुसतो आणि त्यांना दोन बाजूंना ढकलतो. बोथट खिळा समोरचे तंतू चेंगरून स्वतःपुरती वाट करतो. ऐकताना उलटं वाटतं, पण टाकाऊ फळीवर दोन्ही खिळे शेजारी ठोकून बघा, खात्री पटेल.

ड्रिलने किती खोल जायचं ते कळावं म्हणून टोकापासून तेवढं अंतर मोजून ड्रिल बिटवर चिकटपट्टी गुंडाळा. पट्टी भिंतीला टेकली की थांबायचं. टाइलवर भोक पाडायच्या जागी कागदी मास्किंग टेपची फुली लावा म्हणजे टोक घसरत नाही, आणि मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडायची सोय, बंद ठेवा, नाहीतर टाइल तडकते. भोकाच्या खाली एखादं जुनं पाकीट उघड्या तोंडाने चिकटवलं की सगळी भुकटी त्यात पडते. बटण किंवा सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर बाजूला भोक पाडू नका. वायरी बहुधा त्याच रेषांतून गेलेल्या असतात.

मोजमाप

मोजायच्या टेपच्या टोकाची पत्र्याची पट्टी ढिली असते. ती बिघडलेली आहे असं समजून ठोकून घट्ट करणारे मी पाहिले आहेत. ती मुद्दाम ढिली ठेवलेली असते. फळीच्या कडेला अडकवून ओढली की ती स्वतःच्या जाडीएवढी बाहेर सरकते, आणि भिंतीला टेकवून दाबली की तेवढीच आत जाते, म्हणून दोन्ही मापं बरोबर येतात. तिचं टोक वाकलेलं असेल, तर १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजा आणि शेवटी १० वजा करा.

चौकट काटकोनात आहे का हे बघायला गुण्या नसला तरी चालतं. दोन्ही कर्ण सुतळीने मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले, तर कोपरे काटकोनात आहेत. जमिनीवर काटकोन आखायचा असेल तर ३, ४ आणि ५ ही मापं लक्षात ठेवा. कोपऱ्यापासून एका रेषेवर ३ हात, दुसरीवर ४ हात मोजा. दोन्ही टोकांतलं अंतर ५ हात भरलं की कोपरा काटकोनात. हाताऐवजी फूट घ्या, नाहीतर सुतळीच्या गाठी मोजा, प्रमाण तेच राहायला हवं.

उभी रेषा हवी असेल, तर सुतळीला जड नट बांधा, झाला ओळंबा. दूरच्या दोन भिंतींवर एकाच पातळीची खूण करायची असेल, तर पारदर्शक नळीत पाणी भरा आणि दोन्ही टोकं दोन्हीकडे धरा. नळीत बुडबुडा राहिला नसेल आणि दोन्ही तोंडं उघडी असतील, तर पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर थांबतं. गवंडी हे नेहमी करतात आणि खोलीच्या लांबीएवढ्या अंतरावर ही पद्धत बुडबुड्याच्या छोट्या लेव्हलपेक्षा जास्त भरवशाची आहे.

तसबीर दोन खिळ्यांवर लटकवायची असेल, तर तिच्या मागच्या बाजूला मास्किंग टेप आडवी लावा, दोन्ही कड्यांच्या जागी पेनाने खूण करा, टेप काढून भिंतीवर चिकटवा आणि खुणांवरच खिळे ठोका.

गंज

गंजलेला पाना, पक्कड, बिजागरी यांसाठी साधं पांढरं व्हिनेगर पुरतं. त्यात साधारण ५ टक्के अॅसेटिक आम्ल असतं आणि ते गंज विरघळवतं. वस्तूवरचं तेल आधी साबणाने धुवा, नाहीतर आम्ल गंजापर्यंत पोचत नाही. मग ती पूर्ण बुडेल एवढ्या व्हिनेगरमध्ये प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तपकिरी झालेलं दिसतं आणि गंज टूथब्रशने किंवा तारेच्या घासणीने सहज निघतो.

खरं काम इथून पुढे असतं आणि नवशिके नेमके इथेच थांबतात. व्हिनेगरमधून काढलेलं उघडं लोखंड तसंच ठेवलं, तर थोड्याच वेळात त्यावर नारिंगी पापुद्रा येतो. म्हणून वस्तू लगेच खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा, म्हणजे उरलेलं आम्ल निकामी होतं. धुवा, कोरडी करा, सांध्यांतलं पाणी केस वाळवायच्या ड्रायरने घालवा आणि अंग गरम असतानाच मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. व्हिनेगरमध्ये दिवसचे दिवस ठेवू नका. गंज संपला की आम्ल लोखंडालाच लागतं. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू तर बुडवूच नका, मुलामा उतरतो.

शॉवरच्या भोकांत जमलेला पांढरा क्षारही व्हिनेगरने जातो. प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घ्या, शॉवरचं तोंड त्यात बुडेल अशी पिशवी रबरबँडने बांधा, तासाभराने काढून घासा. तो क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि संगमरवरही त्याचाच बनलेला असतो. म्हणून संगमरवरी ओट्यावर व्हिनेगर किंवा लिंबू सांडलं तर चकाकी जाते. तो डाग पुसून निघत नाही, दगडच झिजलेला असतो.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र केलेला ‘जादूचा क्लीनर’ बऱ्याच ठिकाणी सुचवतात. फेस छान येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात आणि शेवटी उरतं ते मिठासारख्या एका क्षाराचं पाणी. फेसाने थोडी घाण हलते एवढंच. दोन्ही वापरायचे असतील तर एकामागून एक वापरा.

आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचं आम्लयुक्त द्रव कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तरी विषारी वायू तयार होतो. एका द्रवाने काम झालं नाही म्हणून त्यावर दुसरा ओतण्याचा मोह होतो, तेव्हा हे आठवा.

कुरकुर आणि अडकणं

बिजागरी वाजली की स्वयंपाकघरातलं तेल घालणं हा सगळ्यांचा पहिला उपाय. मीही केला होता. दोन दिवस दार गप्प राहिलं आणि काही महिन्यांनी बिजागरीत काळा, चिकट डिंक साचला. खायची तेलं हवेशी संयोग होऊन घट्ट होत जातात आणि वर धूळ धरतात. मशीनचं तेल तसं होत नाही. बिजागरीची मधली पिन खिळ्याने खालून ठोकून बाहेर काढा, पुसा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा आणि परत बसवा. एका वेळी एकच पिन काढा, नाहीतर दार अंगावर येईल.

डब्ल्यूडी-४० हा फवारा बऱ्याच घरांत असतो. १९५३ साली अमेरिकेत तो धातूवरचं पाणी हटवण्यासाठी तयार झाला. नावातल्या दोन अक्षरांचा अर्थ तोच (वॉटर डिस्प्लेसमेंट) आणि ४० म्हणजे चाळिसाव्या खेपेला जमलेलं मिश्रण. जाम झालेला बोल्ट सोडवायला, ओल घालवायला तो उत्तम. बिजागरी दीर्घकाळ सुरळीत चालवायला मात्र त्यानंतर तेल किंवा ग्रीस द्यावंच लागतं.

कुलपात तेल घालू नका, धूळ चिकटून आतल्या बारीक पिना जाम होतात. किल्लीच्या दातांवर मऊ पेन्सिल भरपूर घासा आणि किल्ली चार-सहा वेळा आत-बाहेर करा. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात आणि ते कोरडंच राहतं. अडकणाऱ्या चेनलाही हेच चालतं, पण फिकट कापडावर काळं उमटतं, तिथे मेणबत्ती बरी. लाकडी ड्रॉवर अडत असेल तर खालच्या पट्ट्यांवर मेण घासा. पावसाळी हवेत लाकूड फुगून अडत असेल तर लगेच रंधा मारू नका. हवा कोरडी झाली की ते पुन्हा आकसतं आणि तासलेल्या जागी फट राहते.

चिकटवणं आणि सोडवणं

स्टिकरवर ड्रायरची गरम हवा धरा, कोपऱ्यापासून सावकाश सोला. उरलेल्या चिकट भागावर थोडं खाद्यतेल लावून दहा मिनिटं ठेवा. स्टिकरचा गोंद पाण्यात विरघळत नाही पण तेलाने सुटतो. मग साबणाने तेल धुवा.

सुपरग्लूचा जन्म योगायोगाचा. १९४२ साली ईस्टमन कोडॅक या फोटोफिल्मच्या कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हाती आलेला पदार्थ जिथे तिथे चिकटायला लागला म्हणून बाजूला ठेवला गेला. १९५८ साली तो गोंद म्हणून विक्रीला आला. तो सगळीकडे चिकटतो याचं कारण म्हणजे तो ओलाव्याने घट्ट होतो आणि ओलाव्याचा पातळ थर जवळजवळ प्रत्येक पृष्ठभागावर असतो. म्हणून थर पातळ द्या, जाड थर आत ओलाच राहतो. तुकडा उडून फट राहिली असेल तर तिच्यात खायचा सोडा भरा आणि वर गोंदाचा थेंब सोडा. काही सेकंदांत दगडासारखं होतं आणि कानसेने घासून आकार देता येतो. वाफ येते, तोंड लांब ठेवा. सुपरग्लू सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर तो इतका तापतो की भाजतं, म्हणून हे काम सुती हातमोजे घालून करू नका. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळू लोळवत सोडवा.

गळका नळ

नळ बंद करायला बरेच फेरे द्यावे लागत असतील, तर आत रबरी वायसर, म्हणजे पाणी अडवणारी चकती, आहे आणि ते घरी बदलता येतं. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात सिरॅमिक चकत्या असतात. तिथे बहुधा आतलं पूर्ण कार्ट्रिज बदलावं लागतं.

नळ टपकायला लागला की आपण तो आणखी जोराने आवळतो. त्याने झिजलेलं वायसर आणखी कापलं जातं. पाण्याचा मुख्य कॉक बंद करा आणि नळ उघडून आतलं पाणी जाऊ द्या. बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, बारीक स्क्रू तिथेच पडतात. मुठीवरचं छोटं झाकण नखाने उचकटलं की स्क्रू दिसतो. तो काढून मूठ वर ओढा. पान्याच्या जबड्याला कापड गुंडाळा म्हणजे नळाच्या चकाकीवर ओरखडे येत नाहीत. आतला भाग सोडवून बाहेर काढलात की तळाशी वायसर असतं आणि त्यावर गोल कड्यासारखा खड्डा पडलेला दिसतो. जुनं वायसर बरोबर नेऊन त्याच मापाचं आणा. तोपर्यंत तेच उलटं करून बसवलं, तर काही दिवस भागतं.

ज्या कड्यावर वायसर टेकतं, तिथे बोट फिरवून बघा. खाच लागत असेल, तर नवं वायसरही लवकरच कापलं जाईल आणि मग कारागिराला बोलावणं बरं. परत बसवताना नळ उघड्या स्थितीत ठेवा, नाहीतर आवळताना नवं वायसर चेंगरतं. पाइपाच्या जोडावर टेफ्लॉन टेप लावायची असेल, तर पाइपाचं तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या दिशेने ३ ते ५ वेढे द्या. उलटे दिले तर जोड आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते.

दुरुस्ती उद्यावर गेली आणि टपटपीने झोप येत नसेल, तर नळाच्या तोंडाला एक सुतळी बांधून तिचं टोक बेसिनपर्यंत सोडा. थेंब सुतळीवरून ओघळत खाली जातो, आवाज बंद.

तुंबलेल्या बेसिनला आधी रबरी पंप लावा. वरचं जादा पाणी जाण्याचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथून निघून जातो. पंपाची कड बुडेल इतकं पाणी हवं. दाबण्याइतकंच जोरात वर ओढा, कोंडलेला गोळा दोन्हीकडून हलला की सुटतो. नाही जमलं तर खाली बादली ठेवून वाकडी नळी उघडा. उकळतं पाणी ओतू नका. साधा पीव्हीसी पाइप सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडायला लागतो. आणि तुंबलेलं काढायचं रसायन आधीच ओतलं असेल, तर पंप मारू नका, ते तोंडावर उडतं.

लाकडातला खड्डा

हे माझं सगळ्यात आवडतं काम. टेबलावर काही जड पडून खड्डा पडला असेल आणि लाकडाचे तंतू तुटलेले नसतील, नुसते दबलेले असतील, तर ते पुन्हा वर येतात. खड्ड्यावर पाण्याचे दोन-चार थेंब टाका, पाच मिनिटं मुरू द्या. स्वच्छ सुती फडकं ओलं करून पिळा, खड्ड्यावर ठेवा आणि त्यावर मध्यम गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा. वाफ तंतूंत शिरते आणि ते फुगतात. फडकं उचलून बोट फिरवा. खड्डा निम्मा भरलेला जाणवतो. पुन्हा करा. पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर आणि पॉलिश. हे भरीव, पॉलिश नसलेल्या लाकडावर उत्तम जमतं. पातळ पापुद्रा चिकटवलेल्या फर्निचरवर करू नका, वाफेने पापुद्राच सुटतो.

पॉलिशसाठी जवसाचं तेल वापरलंत, तर त्याच्या चिंध्या गोळा करून टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि चुरगाळलेल्या चिंध्यांत ती कोंडून चिंध्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

सुरुवात करायची असेल तर आधी अडणारा ड्रॉवर आणि मेणबत्ती घ्या, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. नंतर एखादा ढिला स्क्रू. नळ मात्र सकाळीच उघडा. मापाचं वायसर मिळालं नाही, तर दुकानं बंद व्हायच्या आत आणखी एक चक्कर मारायला वेळ हवा, नाहीतर घरभराचं पाणी रात्रभर बंद राहील.